नॅनो द्यायची आहे

१७ जुलै २००९ रोजी मुंबईत पहिली नॅनो ग्राहकाच्या ताब्यात गेली. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. त्या हिशेबाने २०२४च्या जुलैपासून या गाड्यांच्या आरसीची मुदत संपायला लागली. ही रांग आता वाढत जाणार आहे, कारण नॅनो सर्वांत जास्त खपली ती २०११-१२ या आर्थिक वर्षात. त्या एका वर्षात ७४,५२७ गाड्या विकल्या गेल्या होत्या.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा कुठल्याही शहरातल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावलं, तर एखादी तरी नॅनो दिसतेच. बहुतेक वेळा तिच्यावर कव्हर असतं आणि कव्हरवर धूळ. घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची ती आयुष्यातली पहिली चारचाकी होती. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून घेतलेली, नाहीतर मुलाच्या पहिल्या पगारावर कर्ज काढून घेतलेली. ते मालक आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. काहींनी डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडलं, काही आता नाहीत. मुलांकडे मोठ्या गाड्या आल्या. जुन्या बाजारात नॅनोला भाव नाही, भंगारात घालायला जीव होत नाही, आणि मग घराघरात एकच वाक्य ऐकू येतं : ‘कुणाला तरी उपयोगी पडू दे. एखाद्या संस्थेला देऊन टाकू.’

हे वाक्य चांगल्या मनाने बोललं जातं, यात शंका नाही. मात्र ते प्रत्यक्षात यायला काय काय लागतं, हे पाहण्यासाठी मी अशा एका गाडीच्या मागे मागे गेले. चिंचवडमधली, जुलै २०१०ची पिवळी नॅनो. मालकीण निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्या यजमानांचं भोसरीत छोटं टर्निंगचं वर्कशॉप होतं. ते २०२४च्या दिवाळीनंतर गेले.

‘विकली तर पंधरा-वीस हजार येतील. त्याचं मी काय करू?’ बाई म्हणाल्या. ‘ह्यांनी दर रविवारी स्वतःच्या हाताने पुसलेली गाडी आहे. कुणी पार्ट काढून विकेल ते मला बघवणार नाही.’

मावळात त्यांच्या ओळखीचा एक वृद्धाश्रम आहे. पस्तीसेक आजी-आजोबा राहतात. गाडी तिथे द्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

नॅनोवर पुणेकरांचा, पिंपरी-चिंचवडकरांचा विशेष जीव असायचं कारणही आहे. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरमध्ये ती घडली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालची तरुण अभियंत्यांची टीम त्यावर वर्षानुवर्षं खपत होती. पावसात एकाच स्कूटरवर बसून चाललेलं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी दाखवली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिंगूरचा कारखाना सोडावा लागला, सुरुवातीच्या गाड्या उत्तराखंडमधल्या पंतनगरला बनल्या आणि २०१०च्या जूनमध्ये साणंदचा कारखाना सुरू झाला. काही गाड्यांना आगी लागल्या तेव्हा कंपनीने २०१०च्या अखेरीस जादा सुरक्षा उपाय मोफत बसवून दिले. पण ‘लाखाची गाडी’ हे बिरुद तिला चिकटलं ते चिकटलंच. स्वस्तातली गाडी दारात उभी करण्यापेक्षा लोकांनी चार पैसे जास्त घालून दुसरी घेतली. जून २०१८मध्ये तर अख्ख्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली.

छोट्या गाडीचं वेड मराठी मुलखात त्याच्याही आधीचं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९मध्ये ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवली होती आणि पुढची कित्येक वर्षं ते तिच्या सुधारित आवृत्त्या बनवत राहिले. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी इथल्याच माणसाने करावी, ही ओढ तेव्हाची. मीरा बाजारात येऊ शकली नाही, नॅनो आली. ती अशी पार्किंगमध्ये सडावी, याचं म्हणूनच मला मनापासून वाईट वाटतं.

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक ताईंना बाईंनी फोन केला, तेव्हा त्यांना लगेच होकाराची अपेक्षा होती. ताई म्हणाल्या, ‘बाई, आधी गाडी बघू दे. आणि कागद पण.’ बाईंना ते जरा लागलं. मी ताईंना भेटले तेव्हा त्यामागचं कारण कळलं. आश्रमाच्या मागच्या कुंपणाशी एक जुनी हॅचबॅक उभी आहे. चारही टायर बसलेले, बोनेटवर वेल चढलेला. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने ती दिली. हार घातला, फोटो काढले, किल्ली दिली. आरसी ‘पाठवतो’ म्हणाले. ती आली नाही. पुढे ते कुटुंब परगावी गेलं. गाडी संस्थेच्या नावावर नाही, म्हणून विमा काढता येत नाही, विमा नाही म्हणून रस्त्यावर आणता येत नाही, आणि कागद नाहीत म्हणून रीतसर भंगारातही देता येत नाही.

‘आमच्याकडे लोक काय काय आणून देतात,’ ताई सांगत होत्या. ‘तुटक्या व्हीलचेअर, मुदत संपलेली औषधं, बंद पडलेला फ्रिज. नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. घेतलं तर उचलून टाकायचा खर्च आमचा.’ बोलण्यात कडवटपणा नव्हता, थकवा होता. दान घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय आपण ठेवलेली नाही, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

गाडीची मात्र त्यांना खरी गरज होती. दोन आजोबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं प्लास्टर, कुणाला रक्त तपासायला न्यायचं. दर वेळी रुग्णवाहिका बोलावणं परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. रिक्षात चढताना गुडघे वाकत नाहीत. नॅनो इथे नेमकी उपयोगाची आहे. लांबी जेमतेम ३.१ मीटर, पण उंची चांगली, सीट उंचावर आणि दार मोठं. म्हाताऱ्या माणसाला खाली वाकून आत शिरावं लागत नाही, जवळजवळ खुर्चीत बसल्यासारखं सरळ बसता येतं. गाडी चार मीटरच्या त्रिज्येत वळते, त्यामुळे गावातल्या बोळातून दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाते. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन पेट्रोलही बेताचंच पितं.

मग एका रविवारी चिंचवडला गाडीची तपासणी झाली. आश्रमाची कामं करणारा मेकॅनिक सोबत आला होता. त्याने कव्हर काढलं आणि आधी इंजिनाकडे न जाता तो टायरपाशी बसला. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. इथे ‘३४१६’ होतं, म्हणजे २०१६च्या ऑगस्टमधला टायर. नक्षी अजून चांगली खोल दिसत होती. बाई म्हणाल्या, ‘फार चाललेलेच नाहीत हो.’ मेकॅनिकने नख रुतवून रबराच्या बारीक भेगा दाखवल्या. ‘चालले नाहीत म्हणूनच गेलेत. हे चारही बदलायचे.’ नॅनोची मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद असतात. पुढे १३५/७०, मागे १५५/६५, दोन्ही १२ इंची. स्टेपनी पुढच्या मापाची. त्यामुळे कुठलाही टायर कुठेही बसवून चालत नाही.

मग पुढचं बोनेट उघडलं. इथे इंजिन नसतं. स्टेपनी असते आणि पेट्रोल भरायचं तोंड. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली. इंजिनापर्यंत पोचायचं तर मागची सीट पुढे पाडायची आणि तिच्यामागचं झाकण सोडवायचं, कारण त्या काळातल्या नॅनोला मागचं दार उघडत नाही. ती सोय २०१५च्या जेनएक्स मॉडेलला आली. झाकण निघालं आणि उंदरांनी केलेलं घरटं दिसलं. गवत, कापसाचे पुंजके, सीटचा फोम. मेकॅनिकने मोबाइलचा टॉर्च लावून वायरिंगचा एकेक पदर बोटाने चाचपत पाहिला. तीन ठिकाणी तांबं उघडं पडलेलं होतं. ‘इंजिनाला काही झालेलं नाही, काकू. पण ही अशीच सुरू केली असती, तर कुठे तरी शॉर्ट झाला असता.’

बाई कितीतरी वेळ त्या घरट्याकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी जे ठरवलं, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. गाडी आहे तशी द्यायची नाही. सगळं काम आपण करून द्यायचं, टायर, बॅटरी, वायरिंग, ब्रेक, पेट्रोलचे पाइप, आणि एक वर्षाचा विमाही आपण भरायचा. मुलाने परदेशातून फोनवर विचारलं, ‘आई, देऊन टाकायच्या गाडीवर एवढा खर्च कशाला?’ त्या म्हणाल्या, ‘त्यात मी बसणार असते, तर केला असतास ना?’

कागदांचं काम त्याहून मोठं निघालं. आपल्याकडे दान देणाऱ्यांना ठाऊक नसणाऱ्या गोष्टी इथेच येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाडी यजमानांच्या नावावर होती. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. गाडी स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय ती कुणाला देताच येत नाही. त्यात आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज कधीच फिटलं होतं, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवायचं राहून गेलं होतं. त्या काळात कर्जाने घेतलेल्या गाड्यांच्या मालकांनी आपली आरसी आजच काढून बघावी.

त्यानंतर नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना राज्यात एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची झाली आहे आणि तिच्याशिवाय मालकी बदलासारखी कामं अडतात. त्यानंतर फेरनोंदणी. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी बाद’ ही समजूत दिल्लीच्या बातम्यांमुळे इथेही पसरली आहे. महाराष्ट्रात खाजगी गाडीला तशी बंदी नाही. फॉर्म २५ भरून, गाडी निरीक्षकाला दाखवून पाच वर्षांची मुदत मिळते. एप्रिल २०२२पासून मोटारीसाठी याची फी ५,००० रुपये आहे आणि उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय पर्यावरण कर. अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत करता येतो, बाईंनी तो मे महिन्यातच केला. निरीक्षकांनी दिवे, ब्रेक, हॉर्न तपासले. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा फाइलला लागला आणि गाडीला २०३०पर्यंतचं आयुष्य मिळालं.

मग शेवटचा टप्पा, संस्थेच्या नावावर करणं. दानाला वेगळा फॉर्म नाही. विक्रीचेच फॉर्म २९ आणि ३० लागतात. देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं ५०वं कलम सांगतं. संस्थेकडून विश्वस्तांचा ठराव, धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र आणि पॅन. व्यक्तीकडून संस्थेच्या नावावर गाडी जाताना कराचा दर बदलू शकतो, तो आकडा आधी विचारून कुणी भरायचा हे ठरवून घेतलेलं बरं. इथे तोही बाईंनीच भरला.

चल वस्तूचं दान नुसत्या ताबा देण्यानेही पूर्ण होतं, तिच्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही. म्हणून अनेक जण किल्ली दिली की सुटलो, असं समजतात. अपघात झाला की मात्र प्रश्न उभा राहतो. फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी विकून पुढे तिचे अनेक हातबदल झाले होते, पण नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणजे चांगल्या भावनेने दिलेली गाडी नोंद न बदलता दिली, तर देणारा अडकतो आणि घेणाराही. नोंद नसली तर विमाही काढता येत नाही. थर्ड पार्टी विम्याचा १,००० सीसीखालच्या मोटारीचा वार्षिक हप्ता २,०९४ रुपये अधिक जीएसटी आहे. एवढ्या रकमेपायी कुणाचं घर उघड्यावर येऊ नये.

कराच्या सवलतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण हा प्रश्न हमखास येतो. प्राप्तिकरात दानाची वजावट मिळते ती फक्त पैशाच्या देणगीला. वस्तूरूपाने दिलेल्या दानाला, मग ती गाडी असो की धान्य, वजावट नाही. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांचे सल्ले इथे कामाला येत नाहीत. तिथे जुनी गाडी संस्थेला देणं ही रुळलेली गोष्ट आहे. फोन केला की टो-ट्रक येऊन गाडी घेऊन जातो. बहुतेक वेळा संस्था ती वापरत नाही, गाडी लिलावात जाते आणि पैसे संस्थेला मिळतात. देणाऱ्याला १०९८-सी हा फॉर्म येतो. पूर्वी लोक गाडीची वाटेल ती किंमत लावून करसवलत घेत. २००५पासून ५०० डॉलरच्या वरची वजावट लिलावात प्रत्यक्ष आलेल्या रकमेपुरतीच ठेवली गेली, संस्था ती गाडी स्वतःच्या कामात खरोखर वापरणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. गाडी संस्थेच्या गळ्यात पडत नाही, तिचे पैसे होऊन मिळतात.

आणि हे आपल्याकडेही करता येतं. गाडीचा सांगाडा गंजला असेल, इंजिन गेलं असेल, तर ती संस्थेच्या अंगणात नेऊन उभी करू नये. २०२१च्या नियमांनुसार आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की तिची किंमत मिळते, ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं आणि नोंदणी रीतसर रद्द होते. त्या पैशाचा चेक संस्थेला दिला, तर करसवलतीची पावतीही मिळू शकते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकणाऱ्या मुलांना उघडून-जोडून बघायला गाडी हवी असते, तिथेही आधी विचारावं. मागे इंजिन असलेली दोन सिलिंडरची मोटार त्या मुलांना दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? फक्त नोंदणीचं काय करायचं, ते आरटीओकडून लेखी घेऊन मगच गाडी हलवावी.

एका गोष्टीवर मात्र ताई आणि मेकॅनिक दोघंही अडून बसले, आणि मला ते पूर्ण पटलं. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने जानेवारी २०१४मध्ये नॅनोच्या ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या टक्कर-चाचणीचा निकाल जाहीर केला. प्रौढांच्या सुरक्षेत तिला शून्य तारे मिळाले. त्या फेरीतल्या इतर भारतीय छोट्या गाड्यांनाही शून्यच मिळाले होते, पण म्हणून धोका कमी होत नाही. आश्रमापासून जुना मुंबई-पुणे रस्ता जवळ आहे, त्यावर कंटेनर धावतात. विश्वस्तांनी ठरावातच लिहून टाकलं : गाडी गावात, रेल्वे स्टेशनपर्यंत आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतच न्यायची, हमरस्त्याला लावायची नाही, अंधार पडल्यावर बाहेर काढायची नाही. खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी असल्याने कुणाकडून भाडं घ्यायचं नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जायचं असेल, तर पूर्वीसारखी भाड्याची मोठी गाडी मागवायची. बाईंना वाटलं होतं, आपली नॅनो आजोबांना थेट पिंपरीपर्यंत नेईल. त्यांनी ठराव वाचला आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे. म्हातारी माणसं आहेत.’ सुदैवाने दोन्ही आजोबांचं डायलिसिस तालुक्यातल्याच केंद्रात होतं.

ऑगस्टमध्ये गाडी मावळात गेली. हार नाही, फोटोही एकच, ताईंनी नोंदवहीसाठी काढलेला. पहिल्या आठवड्यात डायलिसिसच्या फेऱ्या झाल्या, एका आजींचं प्लास्टर काढून आणलं आणि पावसात औषधं संपली होती तीही आणली. ती चालवणाऱ्या साहाय्यक मुलाला पॉवर स्टिअरिंग नसल्याचा पहिले दोन दिवस त्रास झाला, मग हात बसला. ताईंनी एक वही ठेवली आहे : तारीख, कुणाला नेलं, किलोमीटर, पेट्रोल. दर तीन महिन्यांनी तिची झेरॉक्स बाईंना जाते. हे बाईंनी मागितलेलं नव्हतं.

ठरावात शेवटी आणखी एक कलम आहे. जुलै २०३०मध्ये आरसीची मुदत संपेल, किंवा त्याआधी मेकॅनिक गाडी चालवण्याजोगी नाही असं लिहून देईल, तेव्हा ती स्क्रॅपिंग केंद्रात जाईल आणि येणारी रक्कम डायलिसिसच्या प्रवासखर्चाच्या खात्यात जमा होईल. त्यासाठी बाईंना विचारायची गरज नाही, असंही त्यात लिहिलं आहे. ते वाक्य बाईंनीच घालायला लावलं. विश्वस्तांना दारावर त्यांच्या यजमानांच्या स्मरणार्थ चार ओळी रंगवून घ्यायच्या होत्या. बाईंनी नको म्हणून सांगितलं. तिथे संस्थेचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून घ्या, म्हणाल्या, म्हणजे वाटेत कुणाला मदत लागली तर फोन करता येईल. पेंटर पुढच्या आठवड्यात येणार आहे.